पाइप जवळ पडतो म्हणून

मा. संपादक,

गेल्या काही महिन्यांपासून पाणी तापवण्याच्या हीट पंपांच्या जाहिराती वरचेवर दिसू लागल्या आहेत. ‘गिझरच्या एक तृतीयांश विजेत गरम पाणी’ हा त्यांतला दावा खोटा नाही. चार वर्षे हे यंत्र वापरते आहे, म्हणून सांगते. पण यंत्र घराबाहेर नेमके कुठे ठेवायचे, याबद्दल त्या जाहिरातीत एक ओळ नसते, आणि दुकानात विचारले तर ‘आमचा माणूस येऊन बघेल’ एवढेच उत्तर मिळते. आमच्याकडे तो माणूस आला आणि त्याने दहा मिनिटांत बघितले. तिथून पुढे चुकीच्या जागेची किंमत आम्ही तीन वर्षे मोजली. ती हकीकत इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून हे पत्र.

आमचे घर गोव्यात मांद्र्याला, समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर. जांभ्या चिऱ्यांचे जुने घर, वर मंगळुरी कौले. मी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर मागच्या अंगाला चार खोल्या बांधून आम्ही पाहुणे ठेवू लागलो. पाहुणा समुद्रावरून आला की पहिले काय मागतो, तर गरम पाणी. पूर्वी न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, माडाची चुडते आणि करवंट्या जाळून आमचे भागत असे. चार खोल्यांना ते पुरेना. मग नव्या खोल्यांच्या स्लॅबवर सोलर बसवला. पावसाचे चार महिने त्याचा उपयोग नाहीच, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा माडाची एक झावळ त्याच्या काचनळ्यांवर पडून निम्म्या फुटल्या. तेव्हा हीट पंप घ्यायचे ठरले. त्याच वर्षी दिवाळीनंतर यंत्र आले, सोबत तीनशे लिटरची टाकी.

हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगते, कारण जागेचा सगळा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. गिझर वीज जाळून उष्णता तयार करतो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, आजूबाजूच्या हवेतली उचलून पाण्यात सोडतो. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तोच प्रकार. पंखा एका बाजूने हवा ओढतो, ती गार कॉइलवरून, म्हणजे नळ्यांच्या जाळीवरून, जाते, आणि दुसऱ्या बाजूने चांगली सात-आठ अंशांनी थंड होऊन बाहेर पडते. तीनशे लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला गिझरला सुमारे दहा युनिटे लागतात. आमचे यंत्र नीट चालते तेव्हा तीन तासांत आणि तीन युनिटांत हे काम करते. उरलेली सात युनिटे हवा देते, फुकट. म्हणजे हवा हेच त्याचे इंधन. भाणाखालचे तोंड बुजवून चुलीत आग पेटेल काय? तसेच हेही.

पण बसवायला आलेल्या माणसाने टाकी कुठे आहे ते पाहिले, न्हाणीमागे आणि कंपाऊंडच्या भिंतीमध्ये जी अडीच फुटांची चिंचोळी बोळ आहे तिच्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘इथेच. पाइप जवळ पडतो.’ मी विचारले, ‘हवा?’ तो म्हणाला, ‘वर आकाश उघडे आहे ना, मॅडम.’ मला पटले नव्हते. पण तो जाणकार आणि मी मराठी-परिसर अभ्यास शिकवलेली बाई, म्हणून गप्प राहिले. त्याने भिंतीत चार भोके पाडली, ब्रॅकेट ठोकले आणि यंत्र टांगले. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी महिनाभराने वाचली. मागे ३० सेंटिमीटर, दुरुस्तीसाठी पॅनेल उघडते त्या बाजूला ६० सेंटिमीटर, आणि पंख्यासमोर दीड मीटर मोकळी जागा हवी, असे चित्रासकट छापले होते. आमच्याकडे पंख्यासमोर हातभर अंतरावर कंपाऊंडची भिंत.

पुढे जे व्हायचे तेच झाले. पंख्याने टाकलेली गार हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत मागच्या बाजूने आत ओढली जायची. गार हवा जड असते. उघड्या आकाशाकडे ती आपण होऊन उठत नाही, बोळातच साचते. यंत्र स्वतःचीच उष्टी हवा पुन्हा पुन्हा पीत होते. तीन तासांचे काम साडेचार तासांवर गेले आणि युनिटे सव्वाचारवर. बोळात उभे राहिले की भर एप्रिलात अंगावर काटा यायचा. कॉइलवर हवेतला दमटपणा थेंब होऊन गळतो, तेही पाणी तिथेच मुरायचे, आणि आमच्या चिऱ्यांना पाणी प्यायला निमित्तच हवे असते. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीला आतून हिरवट डाग उमटला.

त्यात भर आमच्या ह्यांची. पावसाळ्याआधी भिंतींना झावळ्यांचे झाप बांधायची आपल्याकडची रीतच आहे. ह्यांनी त्याच भरात यंत्रालाही वरून पत्रा आणि पुढून झाप बांधून टाकले, ‘भिजायला नको’ म्हणून. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या मुलुखातल्या माणसाला दुसरे काही सुचणार नाही, हे मला कळते. पण हे यंत्र पावसात भिजण्यासाठीच बनवलेले असते. त्याला पावसाचे भय नाही, कोंडण्याचे आहे. झाप सोडल्यावर त्याच दिवशी पाणी तापायचा वेळ अर्ध्या तासाने उतरला.

आणि आवाज. कंपाऊंडच्या पलीकडे शेजारच्या काकींची निजायची खोली. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत. एक दिवस तुळशीला पाणी घालताना त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘बाय गे, तुजा ता मशीन रातभर माज्या उशाकडे बसान घोरता.’ भांडण नव्हे, नुसती तक्रारही नव्हे. पण मला रात्री झोप लागली नाही. कागदावर पाहिले तर यंत्राचा आवाज एक मीटरवर ५२ डेसिबल. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की साधारण सहा डेसिबल उतरतात. पण दोन भिंतींच्या मध्ये तो उतरत नाही, भिंती तो झेलून परत फेकतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांच्या आवाजाविरुद्ध मी स्वतः पंचायतीच्या अर्जावर सही केलेली, आणि माझ्याच परसात हे. शिवाय ब्रॅकेट भिंतीत ठोकलेले. चिरा मऊ, भोकाभोक असलेला दगड. कंपनाने बोल्ट हळूहळू सैल झाले आणि सगळी भिंतच घुमू लागली. चिऱ्याच्या भिंतीवर असले वजन टांगूच नये. जमिनीवर चौथरा करून, खाली रबराचे जाड पॅड घालून ठेवावे. हे मला आज माहीत आहे.

माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याच्या घरात पाण्यासाठीच नव्हे, हिवाळ्यात सगळे घर ऊबदार ठेवण्यासाठी हाच पंप आहे. फोनवर त्याला गाऱ्हाणे सांगितले तर तो हसायला लागला. त्याच्याकडे यंत्र यायच्या आधी एकजण नुसता टेप घेऊन आला होता. शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंतचे अंतर, मध्ये भिंत आहे का कुंपण, यंत्र कोपऱ्यात येते का, हे सगळे लिहून आवाजाचे गणित मांडले. तिथल्या नियमाने अमुक डेसिबलच्या वर गेले तर जागा बदलावी लागते, नाही तर वेगळी परवानगी काढावी लागते. त्यांचे त्रास वेगळे. थंडीत कॉइलवर बर्फ धरते, यंत्र ते अधूनमधून वितळवते, आणि ते पाणी पायवाटेवर गेले तर गोठून माणूस घसरतो. म्हणून ड्रेनचे पाणी कुठे जाणार तेही आधी ठरते. आपल्याकडे बर्फ नाही, पण शेवाळ आहे. घसरणारा माणूस तोच. मला हेवा वाटला तो यंत्राचा नव्हे, टेपचा. तिकडे आधी टेप येतो आणि आमच्याकडे आधी ड्रिल.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही यंत्र उचलून घराच्या पश्चिमेला नेले. या वेळी चूक आमची स्वतःची, दुसऱ्या कोणाला बोल लावता येणार नाही. मोकळी जागा, भरपूर वारा, कोणाची खिडकी नाही. विजेचे आकडे लगेच सुधारले, काकी निवांत निजू लागल्या. पण तो वारा समुद्रावरचा होता, आणि पंख्याचे तोंड थेट त्याच्याकडे. दुपारनंतर खारा वारा सुटला की बंद असलेला पंखा उलटा फिरताना मी पाहिला आहे. चालू असताना त्याला वाऱ्याविरुद्ध फुंकायचे कष्ट. आणि मीठ तर सारखेच. दोन पावसाळे गेले, २०२४ च्या गणेश चवथीनंतर मी मागची जाळी पुसायला गेले तर कॉइलच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, पांढरे पीठ. बोट लावले तर कडा पापडासारखी तुटून हातात आली.

का, ते मी मुलांना शिकवलेलेच होते. लिंबात तांब्याची एक आणि जस्ताची एक पट्टी खोचून तारेने जोडली की वीज वाहते आणि जस्त झिजते. कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि तिला बिलगलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. मधल्या फटीत मीठ आणि दमटपणा. लिंबाचे काम खारा वारा करतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. वर्गात प्रयोग करून दाखवणारी मी, घराच्या भिंतीला तोच प्रयोग टांगून बसले होते.

कॉइल बदलायला लागली. ती बदलायला जो आला तो निघाला माझाच जुना विद्यार्थी, हल्ली म्हापशाला एसीची कामे करतो. ‘बाई, जागा तुम्ही सांगा, मी पाइप आणतो,’ म्हणाला. चार वाक्यांत त्याने मला जे सांगितले ते विक्रेत्याकडून तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. समुद्राजवळ कोटिंग केलेली कॉइलच घ्यावी. यंत्राची पाठ नाही आणि तोंडही नाही, घराची भिंत समुद्राकडे असावी, म्हणजे घरच आडोसा होते. पंधरा दिवसांनी साध्या नळाच्या पाण्याने कॉइल धुवावी. गाड्या धुतात ती जोराची पिचकारी नको, फिन्स आडव्या पडतात. आणि छपराखाली अजिबात ठेवू नये. हे शेवटचे ऐकून ह्यांनी माझ्याकडे पाहिले. कारण असे की उघड्यावरच्या यंत्राचे मीठ पावसाळाभर आपोआप धुतले जाते; वळचणीखालच्या यंत्रावर मीठ उडून बसते, दमटपणा बसतो, पाऊस मात्र पोहोचत नाही. त्यामुळे झाकलेले यंत्र उघड्यापेक्षा लवकर सडते.

सावलीचाही असाच घोळ. एसीचे आऊटडोअर सावलीत ठेवतात, कारण त्याला उष्णता बाहेर टाकायची असते. बसवणारी माणसे तीच, म्हणून हीट पंपही सवयीने उत्तरेच्या कोपऱ्यात सावलीला जातो. याला उलट उष्णता हवी आहे. अंगणाची तापलेली बाजू त्याला मानवते.

शेवटी मी शाळेचा चौकटींचा कागद काढला. घर, न्हाणी, विहीर, तुळस, माड, काकींची खिडकी, समुद्र, सगळे मापाने काढले. एक चौकट म्हणजे अर्धा मीटर. मग दोन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री उदबत्ती घेऊन अंगणात फिरले, धूर कुठे जातो ते पाहायला. शेजारच्या मुलांना वाटले बाई काही विधी करतात. त्यातून जागा निघाली ती पूर्वेला, विहिरीच्या पलीकडे. घर समुद्राच्या आड येते, पंख्यासमोर सहा मीटर मोकळे अंगण आहे, काकींची खिडकी नऊ मीटरवर आणि तीही यंत्राच्या पाठीमागे. आमच्या दोन खोल्यांच्या एसीचे आऊटडोअर त्याच बाजूला गरम हवा टाकतात. ती वाया जाणारी उष्णता थोडी यंत्राच्या वाट्याला येते. मात्र तिथून टाकीपर्यंत पाइप अकरा मीटर. त्याच्यावर जाड इन्सुलेशन आणि वर उन्हाने न कुजणारे आवरण घातले. अकरा मीटर पाइपात जी उष्णता जाते ती कोंडलेल्या हवेत गमावलेल्या उष्णतेच्या पासंगालाही लागत नाही. मीटर पुन्हा तीन युनिटांवर आला आहे.

चौथरा दीड फूट उंच, चिऱ्यांचा, वरून काँक्रीट. इतका उंच कशाला, असे गवंडी म्हणाला. पावसात अंगणातली तांबडी माती उडून ढोपरापर्यंत येते, ती कॉइलमध्ये गेली की थापून बसते. शिवाय बेडूक, मुंग्या आणि पाली. ऊब लागते म्हणून एक पाल आत शिरून सर्किटच्या कार्डावर चिकटून मेली होती. पाल गेली ती गेली, आमचे साडेचार हजार गेले. आता केबलच्या भोकांत बूच आहे.

गळणारे पाणी दमट दिवसांत तासाला दीड-दोन लिटर भरते. ते एका पाइपने अबोलीच्या वाफ्यात सोडले आहे, उताराने, मध्ये कुठे चढ न देता.

विहिरीजवळच्या जागेबद्दल एक सावधगिरी. आमच्या यंत्रातला गॅस पेटणारा नाही. पण हल्लीच्या काही नव्या यंत्रांत आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. पर्यावरणाला तो चांगला, पण पेटणारा आणि हवेपेक्षा जड. गळती झालीच तर तो विहिरीत, गटारात, चेंबरमध्ये किंवा तळघराच्या दारात उतरून साचणार. तसले यंत्र असते तर माझी ही जागा बाद झाली असती. यंत्राच्या पाटीवर गॅसचे नाव असते, ते वाचूनच चौथरा बांधावा.

रात्रीचा प्रश्न मात्र जागेने नव्हे, टायमरने सुटला. टाकीतले पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहते. मग यंत्र रात्री चालवायचेच कशाला? आम्ही ते सकाळी अकरा ते तीन लावले आहे. हवा तेव्हा सर्वांत तापलेली, म्हणून वीजही कमी, आणि गावाला जाग असते. पाहुणे भरले तर संध्याकाळी एक तास. दहानंतर बंद. काकींना मी हे सांगायला गेले तर म्हणाल्या, दुपारची झोप त्यांना नाहीच. मी आधी विचारले असते तर पहिल्या वर्षीच कळले असते.

पर्वरीला माझी जाऊ राहते तिथे तर अंगणच नाही. सगळी आऊटडोअर एकाच डक्टमध्ये, एकावर एक. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचा ओढतो, आणि वरच्या मजल्यावरचे एसी एप्रिलात धापा टाकतात. नव्या इमारतींच्या नकाशात पार्किंग दाखवतात, सोकपिट दाखवतात, जिमही दाखवतात. हवा ओढणाऱ्या आणि टाकणाऱ्या यंत्रांची जागा कोणी दाखवत नाही. वास्तुविशारदांनी ती नकाशावरच आखावी, आणि फ्लॅट घेणाऱ्यांनी ती मागावी.

विक्रेत्यांकडे माझे मागणे एकच आहे. पैसे घेण्याआधी एकदा घरी या, टेप घेऊन या, आणि जागेचा नकाशा बिलाला जोडा. त्यावर भिंतीपासूनची अंतरे, शेजाऱ्याची खिडकी, समुद्राची दिशा आणि पाणी गळण्याची वाट लिहा, खाली दोघांच्या सह्या असू द्या. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि घेणाऱ्यांनीही असा कागद मिळाल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावू देऊ नये, मग पाइप कितीही जवळ पडो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, मांद्रे (पेडणे)

ता. क. – नकाशात माडही काढला, असे वर लिहिले आहे ते उगाच नव्हे. माझ्या पहिल्या आराखड्यात चौथरा बरोबर माडाखाली आला होता, आणि ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. नारळ काढायला आलेल्या पाडेलीने वरूनच ओरडून विचारले, ‘बाई, हो खोको हयच रवतलो?’ मी चौथरा तीन मीटर सरकवला.